सळईवरचं कार्ड

उत्तमआप्पा घरून निघताना छत्री विसरत, डबा विसरत, एकदा तर दोन पायांत दोन तऱ्हेच्या चपला घालून आले. पण हातातली पितळी सळई ते विसरल्याचं शहाद्यात कुणी पाहिलेलं नाही. हातभर लांब, करंगळीहून बारीक, एका टोकाला गोल मूठ. नवख्याला वाटे, म्हातारा कुत्र्यांसाठी बाळगतो. कुत्र्यांनाही तसंच वाटे. ती आमच्या वाचनालयातल्या एका मोडक्या खणाची सळई होती, आणि तिची धास्ती सगळ्या गल्लीतल्या कुत्र्यांना मिळून नसेल एवढी एकट्या मला होती.

मी वाचनालयात लागलो तो अडतिसाव्या वर्षी. त्याआधी मोबाइल दुरुस्तीचं दुकान काढून झालं, केळीचे वेफर्स तळून झाले, सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचं सामान विकून झालं. यात्रेत तर मी एका गिऱ्हाइकाला खोगीर उलटं बांधून दिलं होतं. शेवटी ग्रंथालयाचा सहा महिन्यांचा कोर्स केला. वाटलं, पुस्तकं लाथ मारत नाहीत. आप्पांची गाठ पडायची होती म्हणून तसं वाटलं.

आप्पा तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. पण रोज दहाच्या ठोक्याला हजर. 'आता येऊ नका' हे त्यांना सांगायचं कुणी, यावर कमिटीच्या दोन बैठका झाल्या आणि दोन्ही नुसत्या चहावर संपल्या. अखेर त्यांना शिकवायचं काम दिलं. दर शनिवारी आसपासच्या गावांतल्या वाचनालयांची दहा-बारा माणसं येत, आणि रोजचा शिष्य म्हणून मी.

आमच्याकडे अजून जुनं कॅटलॉगचं कपाट आहे. छोट्या छोट्या खणांत पुस्तकांची कार्डं, अक्षरवार लावलेली. प्रत्येक कार्डाच्या तळाला भोक आणि सगळ्या भोकांतून आरपार गेलेली पितळी सळई, म्हणजे कुणी कार्ड उपसू नये. शिकाऊ माणसाने नवं कार्ड लिहायचं आणि जागा शोधून सळईच्या वर नुसतं उभं करायचं. ते बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच दिसतं. मग जाणत्याने तपासायचं, सळई ओढायची, कार्ड खाली बसवायचं, सळई पुन्हा सारायची. लिहिणारा वेगळा, तपासणारा वेगळा. आपलं लिहिलेलं आपण तपासायचं नाही, आणि आप्पांशिवाय कुणी सळईला हात लावायचा नाही. हे दोन नियम आप्पांनी मला पहिल्या दिवशी सांगितले आणि रोज सांगत राहिले.

पुढे पुढे तपासण्याचा हा नियम त्यांनी सगळ्या जगाला लावला होता. कुणी म्हणे, "आप्पा, तापीला पाणी सोडलं." आप्पा म्हणत, "सळईवर ठेव. तपासू." कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं, "सळईवर ठेव." आमचे अध्यक्ष कांतीशेठ, तीन पिढ्यांचं कापडदुकान, त्यांनी जाहीर केलं की वाचनालयात कॉम्प्युटर येणार, कार्डं त्यात चढवायची आणि कपाट रद्दीत. आप्पा शांतपणे म्हणाले, "सळईवर ठेवा शेठ."

मी स्वतः वर्षभर सळईवरच होतो. जिन्यावर सळईचा टक, टक असा आवाज आला की माझ्या हातातलं पेन आपोआप चुकीचं लिहायला लागे. माझं पहिलंच कार्ड घोड्यांच्या आजारांवरच्या पुस्तकाचं. मुखपृष्ठावर तंबू आणि नदी होती, म्हणून मी ते प्रवासवर्णनात टाकलं. शनिवारच्या वर्गात आप्पांनी ते उंच धरलं.

"तोंड देखीसन वर्ग दिधा का रे गोकुळ?"

"हो आप्पा."

"लगीन बी असंच करं का?"

भीतीने माझ्या तोंडून दुसऱ्यांदाही "हो आप्पा" निघालं. म्हसावदच्या वाचनालयाच्या उषाताई एवढ्या हसल्या की त्यांच्या हातून शाई सांडली. घरी कुणी कळवलं ते माहीत नाही, पण दोन दिवस भाकरी करपलेली मिळाली.

एवढं असूनही एका गोष्टीसाठी मी आप्पांकडे बघत बसे. कुणी पुस्तकाचं नाव घेतलं की ते कपाटाकडे न बघता खण ओढत, बोटं आत सोडत आणि पहिल्याच झटक्यात ते कार्ड वर येई. उषाताई म्हणत, "आप्पांच्या बोटांना डोळे आहेत."

मग सारंगखेड्याची यात्रा लागली. आप्पा दरवर्षी एक दिवस घोडे बघायला जात. विकत घेत नसत, बहुधा तेही सळईवर ठेवत असावेत. तो दिवस मला मोकळा मिळाला. 'श ते ह' या खणात माझी चाळीस कार्डं आठवडाभर उभी होती. म्हटलं, आपणच बसवून टाकू. शेठ बघतील, म्हणतील, गोकुळभाऊ तयार झाला. मी मूठ फिरवली, सळई थोडी ओढायची तर अख्खी बाहेर काढली, आणि उजेडात नीट दिसावं म्हणून खण काखेत मारून खिडकीकडे निघालो.

खण काखेतून कधी वाकला मला कळलं नाही. हजारभर कार्डं फरशीवर, आणि वर, पुसलेली फरशी वाळावी म्हणून लावलेला पंखा पाचवर. वर्तमानपत्रांच्या टेबलाखाली, पाण्याच्या माठामागे, एक तर चक्क माझ्या सदऱ्यात. दार लावून मी दोन तास ती गोळा केली आणि दिसतील तशी खणात भरली. भोकं जुळवली, माझ्या चाळीस कार्डांसकट सगळ्यांतून सळई सारली. बाहेरून पाहाल तर तीस वर्षांची शिस्त, आत मंगळवारचा बाजार. म्हटलं, रोज थोडी थोडी लावून टाकू. पण दुसऱ्या दिवसापासून आप्पा पुन्हा दहाला हजर, आणि त्या खणाला हात लावायचा मला धीर होईना.

चौथा दिवस शनिवार होता. वर्ग भरलेला. उषाताईंनी विचारलं, "आप्पा, आमच्या बचत गटाच्या बायांना शेळीपालनाचं पुस्तक हवंय."

आप्पांनी वर्गाकडे तोंड ठेवूनच मागे हात नेला. खण ओढला. बोटं आत गेली. कार्ड वर आलं, ते हृदयविकारावरचं. ते हसले, पुन्हा बोटं घातली. आलं ते संगीताचं. मग ते वळले. एक एक कार्ड मागे सारत पाहू लागले. माझ्या कानात माझंच काळीज टक टक करायला लागलं. थंडीचे दिवस, आप्पांच्या अंगात स्वेटर, आणि कपाळावर घाम.

मला वाटलं, आता सळई माझ्या पाठीवर. पण आप्पांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते स्वतःच्या हाताकडे पाहत होते.

"या खणातलं एकेक कार्ड मी बसाडेल शे," ते हळूच म्हणाले. "दुसऱ्याचा हात लागेल नही."

त्यांनी खण लावला. "आज इतलंच."

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं, पण त्यातून जांभई आली. भीती वाटली की मला जांभई येते. यावर डॉक्टरकडे इलाज नाही.

सोमवारी आप्पांनी सळई शेठच्या गल्ल्यावर नेऊन ठेवली आणि घरी निघून गेले. शेठ धावत वाचनालयात आले. "गोकुळभाऊ, आप्पा म्हणतात कपाट रद्दीत द्या! भांडण नाही, काही नाही. अहो, मला तर भीती वाटायला लागली." भीती वाटली तरी शेठ व्यापारी होते. पुढच्या सोमवारी यायला त्यांनी रद्दीवाल्याला सांगूनही टाकलं.

ते सहा दिवस मी कसे काढले ते सांगत नाही. आप्पा आले नाहीत. जिन्यावर टक टक नाही, कुणी ओरडत नाही, आणि मी एकही कार्ड चुकलो नाही. तेच जास्त भीतिदायक होतं. नोकरी जाईल ही धास्ती होतीच. पण रोज डोळ्यांपुढे येई तो आप्पांचा हात, आणि त्याच्याकडे परक्यासारखे बघणारे आप्पा. माणूस स्वतःच्याच डोक्याला घाबरून घरी बसला होता, आणि त्याला तसं बसवणारा मी होतो.

रविवारी सकाळी शेठकडून सळई मागून घेतली, 'श ते ह'चा खण सायकलच्या कॅरिअरला बांधला, या खेपेला तीन गाठी मारून, आणि आप्पांच्या घरी गेलो. आप्पा एकटेच राहतात. बायको वारली, मुलगी सुरतेला. दार उघडं होतं. आत पाऊल टाकलं आणि मी थबकलो. घरभर कार्डं होती. भोकातून दोरा ओवून बांधलेली. गॅसच्या बटणाला: 'बंद केला का?' कडीला: 'चावी डाव्या खिशात.' औषधाच्या डब्याला: 'सकाळची घेतली असल्यास झाकण उलटे ठेवणे.' तेच ठाशीव अक्षर.

आप्पा खाटेवर बसले होते. "काय करी ऱ्हायना रे अठे?"

"आप्पा, खण मी पाडला," मी म्हणालो. बाकीचं भाषण वाटेत पाठ केलं होतं, ते पळालं. "यात्रेच्या दिवशी. सळई काढली. सगळी कार्डं सांडली. कशीही भरली. तुमचं काही चुकलं नाही."

आप्पांनी मान वर केली.

"परत सांग."

मी परत सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदा सांगायला लावलं. पंख्याचं, माठाचं, सदऱ्यातल्या कार्डाचं, काही गाळू दिलं नाही.

"म्हणजे मी इसरनू नही?"

"नाही आप्पा."

मग ते उठले, माझ्या हातातली सळई घेतली आणि खाटेच्या पायावर अशी हाणली की शेजारचं मांजर भिंतीवरून पडलं. "गाढवा! वरीसभर शिकाडं तुले!" तीन मिनिटं ते अहिराणीत बोलले, ते छापण्यासारखं नाही. मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं. मग ते हसायला लागले, डोळे पुसत राहिले, आणि खणातली सळई ओढून तो फरशीवर उपडा करून म्हणाले, "बठ खाले."

दुपारपर्यंत आम्ही कार्डं लावली. त्यांची बोटं पत्ते पिसल्यासारखी चालत होती. शेळीपालनाचं कार्ड सापडलं तेव्हा त्यांनी ते कपाळाला लावलं. मी मनातल्या मनात फुगत चाललो होतो. आप्पांना बरं केलं, उद्या रद्दीवाल्याला परत पाठवायला शेठच्या पाया पडू, ते मानतीलही (ते मानले, कपाट आता मागच्या खोलीत आहे). एका चुकीची भरपाई झाली.

आप्पा चहा करायला आत गेले. टेबलावर एक जुना खण दिसला. त्यात वीस-पंचवीस कार्डं, सगळी सळईच्या वर उभी. एकही बसवलेलं नाही. मी सहज एक वाचलं.

'सुनीता. मुलगी. सुरत. गुरुवारी फोन करते. आवाज ओळखणे.'

कार्डाच्या कोपऱ्यात आप्पा नेहमी पेन्सिलीने तारीख टाकतात, ते कार्ड केव्हा लिहिलं त्याची. मी तारीख वाचली. नवरात्रातली होती. मी दुसरं कार्ड पाहिलं, तिसरं पाहिलं. सगळी नवरात्रातली.

यात्रा त्यानंतर दोन महिन्यांनी होती.

या खेपेला कशाला घाबरलो ते मला नीट सांगता येणार नाही. पुढचं कार्ड माझ्या नावाचं होतं.

'गोकुळ. वाचनालय. मनाने चांगला. घाबरट आहे, फार ओरडू नये.'

आप्पा दोन कप घेऊन दारात उभे होते. मी काय वाचतोय ते त्यांनी पाहिलं होतं. कप खाली ठेवले आणि ते माझ्याशेजारी बसले. मी घोट घेतला. चहात साखर नव्हती. मी दुसरा घोट घेतला.

"आपलं लिखेल आपण तपासू नही," आप्पा खणाकडे बघत म्हणाले. "नवरात्रपाईन ही कार्डं उभीच शेत. कोणले सांगू?"

मग त्यांनी तो खण फिरवून त्याच्या सळईची मूठ माझ्याकडे केली. वर्षभरात पहिल्यांदा.

"तपाशी दे."

मी एक एक कार्ड मोठ्याने वाचत गेलो. गॅस. चावी. औषध. सुनीता. प्रत्येकाला ते मान हलवत, जणू त्यांचीच परीक्षा चालली होती. मग मी सळई ओढली, या खेपेला हवी तेवढीच, आणि कार्डं एकेक करून खाली बसवली. शेवटी माझं उरलं. ते बसवायला बोट टेकलं, तर आप्पांनी माझा हात धरला.

"हाई वरच ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "वर ऱ्हायनं का लगेच दिसस."