पाच थेंबांची इमारत

पाणी वाचवण्याचा खात्रीचा उपाय एकच आहे, आणि तो म्हणजे ते न वापरणं. बाकीचे सगळे उपाय ओले असतात. ही गोष्ट लक्षात यायला माणसाला हजारो वर्षं लागली. आमच्या उकंबानी भागातल्या इकोंबे गावच्या पाणी कचेरीला मात्र ती एका दुपारच्या बैठकीत, चहा यायच्या आधीच उमगली.

ही कचेरी नुकतीच नव्या ‘आदर्श जलस्नेही इमारती’त गेली होती. इमारतीचं छप्पर मध्ये खोलगट, म्हणजे पडेल तो पाऊस सरळ जमिनीखालच्या टाकीत. टाकी दोन लाख लिटरची. हात धुतलेलं पाणी केळीला, केळी कातुंगे मॅडमना (त्या कचेरीच्या प्रमुख), आणि संडास असे की पाणी लागतच नाही, फक्त धीर लागतो. नैरोबीच्या आर्किटेक्टने खरोखर मन लावून काम केलं होतं. मार्चचा पाऊस बरा झाला आणि टाकी गळ्यापर्यंत भरली. तोवर कुणाचंच काही चुकलं नव्हतं.

मग इमारतींना दर्जा देणाऱ्या मंडळाचा तक्ता आला. सर्वोच्च दर्जा पाच थेंबांचा. चाळीस माणसांच्या कचेरीला दिवसाला दोन हजार लिटर लागतात असं तक्ता धरून चालतो, आणि मीटर त्याच्या जितकं खाली दाखवेल तितके गुण जास्त. मॅडमनी रकान्यावर बोट ठेवून विचारलं, की मीटर फिरलंच नाही तर? चाळीसही जणांनी विचार केला. हरकत घेण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

टाकीला कुलूप लागलं आणि किल्ली मुसेंबीच्या गळ्यात आली. मुसेंबी इमारतीचा राखणदार, आठ महिन्यांपासून तात्पुरता. पाच थेंब मिळाले की तुला कायम करू, असं मॅडमनी त्याला चारचौघांत सांगितलं होतं. तेव्हापासून तो आंघोळीलासुद्धा किल्ली काढत नसे. (आंघोळ आठवड्यातून एकदा होती.)

कचेरी मग पीत काय होती? गाढवगाडीवरून पिवळ्या कॅनमधून आलेलं पाणी. ते मीटरमधून येत नसल्यामुळे तक्त्याच्या दृष्टीने ते पाणी नव्हतं. चार महिन्यांत गाढवांनी टेकडी अकराशे वेळा चढली आणि कचेरीचा पाणीवापर शून्यावर कायम राहिला. गाढवं जे प्यायली त्याला तर तक्त्यात रकानाच नव्हता.

कुंपणापलीकडे सरकारी दवाखाना आहे. त्याच्या पत्र्याला पन्हळ नाही, त्यामुळे बाळंतिणीने घरून चार कॅन पाणी आणायचं, असा तिथला रिवाज. सिस्टर मुकुलू दोनदा टाकीचं पाणी मागायला आल्या होत्या. दोन्ही वेळा मुसेंबीने समजूतदारपणे सांगितलं, “सिस्टर, ते पाणी नाही. ती बचत आहे.” हे वाक्य त्याचं स्वतःचं होतं, आणि मॅडमनी ते भिंतीवर रंगवून घेतलं होतं.

तपासणीचा दिवस उजाडला. इमारत आरशासारखी चकचकीत हवी, म्हणून गावातल्या एकूण एक गाढवगाड्या सकाळी सातला भिंती धुवायला हजर झाल्या. कुठल्या गल्लीची कुठली गाडी, ही यादी मुसेंबीने आदल्या दिवशी स्वतःच्या सुरेख अक्षरात केली होती. त्यात त्याची स्वतःची गल्लीही होती. दहाच्या सुमारास त्याच्या बायकोला, कालोंदूला, कळा सुरू झाल्या. शेजाऱ्यांनी तिला मोटरसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात आणलं. घरातले चारही कॅन रिकामे होते, कारण गल्लीत गाडी आलीच नव्हती.

सिस्टर कुंपणाशी आल्या. “मुसेंबी, तुझी बायको आत आहे. पाणी कुठंय?”

“गाड्या सगळ्या इथंच अडकल्यात, सिस्टर. भिंती झाल्या की पहिली तुमच्याकडेच धाडतो.”

“बरं. पोराला सांगते थांबायला. तुझा तक्ता दाखवू का त्याला?”

मुसेंबीने मागे वळून पाहिलं. शेवटची गाडी नुकतीच भिंतीवर रिकामी झाली होती, नेमकी त्याच्या वाक्यावर. सिस्टरच्या मागे त्याची आई उभी होती. तिने आवाजसुद्धा चढवला नाही.

“गळ्यात काय बांधलंयस रे ते?”

ऐंशी लिटर. चार कॅन त्याने स्वतः वाहिले, धावत. मीटर जन्मात पहिल्यांदा फिरलं. बारा वाजता मुलगी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप. पावसात जन्मलेल्या मुलीचं नाव आमच्याकडे स्योंबुआ ठेवतात, आणि आजीने तेच ठेवलं. आभाळात ढगाचं नाव नाही आणि ही पावसातली कशी, असं म्हाताऱ्यांनी विचारलं. आजी म्हणाली, “पाऊस मार्चलाच पडलाय. नुसतं कुलूप होतं त्याला.”

दोनला तपासणीचे कोरीर साहेब आले. टाकीत डोकावून त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी मीटर पाहिलं. ऐंशी. कातुंगे मॅडम क्षणभरच थांबल्या. मोठी माणसं अशा वेळी दिसून येतात. अहवालात आज हे वाक्य आहे: ‘इमारतीत ऐंशी लिटरची एक गळती आढळली. ती तत्काळ शोधून कायमची काढून टाकण्यात आली.’

काढून टाकलेल्या गळतीने चार वाजता किल्ली परत केली. नोकरी गेल्याचं त्याला दुःख झालंच, पण खरी लाज वाटली ती बाहेर पडताना भिंतीवरचं आपलं वाक्य वाचून. इमारतीला पाच थेंब मिळाले. गळती इतक्या चपळाईने बंद केल्याबद्दल अहवालात खास कौतुकही आहे.

तुम्हाला मुसेंबीबद्दल वाईट वाटत असेल. वाटू द्या, त्याला पाणी लागत नाही. पण एवढं वाचून झालं की जिना उतरून खाली जा. गच्चीवरचा पाऊस जमिनीत मुरवतो म्हणून तुमच्या सोसायटीच्या नकाशात जो जाड पाइप दाखवलाय, ज्याच्या नावाने दरवर्षी घरपट्टीत सूट घेता, तो भिंतीवरून उतरून पुढे कुठे जातो ते जरा वाकून बघा. आमच्या टाकीत निदान पाणी तरी होतं.