पोपसाहेबांची खिचडी

आगाशे काकांच्या बैठकीत तुम्ही आपल्या मनाने बसू शकत नाही. दारात उभं राहायचं. काका तुम्हाला आपादमस्तक न्याहाळणार, मनात काहीतरी जुळवणार आणि मग हाताने खुर्ची दाखवणार. "आपण इकडे." रामघाटावरचे गुरुजी आले की काकांच्या उजव्या हाताची खुर्ची त्यांची. वीज मंडळाचे इंजिनियर एरवी भिंतीकडच्या खुर्चीवर, पण मे महिन्यात थेट गुरुजींच्याही वर. मी फ्रीगंजातल्या बँकेत कारकून, त्यात सख्खा शेजारी, म्हणजे हक्काचा. त्यामुळे माझं कायम दाराजवळचं स्टूल.

काकांची सगळी नोकरी परराष्ट्र खात्यात गेली. देशोदेशीच्या दूतावासांत कोणाला कोणाशेजारी बसवायचं, हे त्यांचं काम. रिटायर होऊन ते आमच्या माधव नगरात आले, पण सवय काही सुटली नाही. "माणूस चुकीच्या जागी बसला की दोन देशांचं बिनसतं," असं ते म्हणायचे. आमच्या कॉलनीत जे काही बिनसायचं ते नळाच्या पाण्यावरून, पण हे त्यांना सांगणार कोण?

त्या वर्षी कॉलनीत नवीनच केबल आली होती. पहिली जोडणी काकांकडे, त्यामुळे संध्याकाळी सगळे तिथेच. एकदा कुठल्याशा विलायती चॅनलवर पांढऱ्या झग्यातले पोप दिसले आणि काका ताडकन उठून उभे राहिले.

"हे माझ्या घरी जेवलेत," ते म्हणाले.

खोली हसण्याने दणाणली. काका जागचे हलले नाहीत. "आत विचारा!"

आत म्हणजे स्वयंपाकघरात. तिथे काकू होत्या.

मग काकांनी गोष्ट सांगितली. युरोपातला एक थंडगार देश. तिथल्या एका बिशपला त्यांनी घरी जेवायला बोलावलं. हा माणूस पुढे पोप होणार हे तेव्हा त्याला स्वतःलाही ठाऊक नसणार. काकांनी पुस्तकं चाळून त्याची खुर्ची नक्की केली, काटेचमचे मोजूनमापून मांडले. एवढं सगळं बघितलं, फक्त वार बघितला नाही. शुक्रवार होता, त्यांच्या उपासाचे दिवस चालू होते आणि ताटात मटण! पाहुणा बिचारा सभ्यपणे बटाटा इकडून तिकडे सरकवत बसला. काकांना दरदरून घाम फुटला. तेवढ्यात काकू दारातून म्हणाल्या, "अहो, त्यांचा उपास आहे, दिसत नाही का?" त्या दिवशी काकूंची संकष्टी होती. त्यांनी स्वतःची साबुदाण्याची खिचडी आणून पाहुण्यासमोर ठेवली.

"आणि खिचडी तरी कशी!" काका रंगात आले. "भरपूर दाण्याचा कूट घातलेली..."

"खोटं!" आतून आवाज आला. "कूट नव्हता!"

काकू उलथनं घेऊन दारात आल्या. "काहीही सांगून राहिले हे! अहो, कूट संपला होता. दाणे तिथे कुठे मिळायचे? एवढा मोठा माणूस दारी आला आन् मी मेलीनं बिनकुटाची खिचडी वाढली. बिचाऱ्यानं मागून घेतली, तो भाग वेगळा."

त्या क्षणी आमचा सगळ्यांचा विश्वास बसला. कुटासाठी इतकी हळहळणारी बाई पोपबद्दल कशाला थाप मारेल?

पुढे ही गोष्ट आम्ही किती वेळा ऐकली असेल! दर वेळी काका कूट घालायचे, दर वेळी आतून "खोटं!" यायचं. काकांची स्मरणशक्ती जरा अधू झाली आहे, असं आम्ही धरून चाललो.

पुढल्या हिवाळ्यात काकू गेल्या. काकांनी गोष्ट सांगणं बंद केलं. पोप दिसले तरी उठेनात. लोक येऊन वाटेल तिथे बसायचे. एकदा तर केबलवाला उजव्या हाताच्या खुर्चीवर बसला आणि काका टीव्हीच बघत राहिले. तेव्हा मात्र मला वाटलं, हा माणूस असाच मिटत जाणार की काय?

एका संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे नवे भाडेकरू शर्माजी आले होते. टीव्हीवर पोप दिसले. मी मुद्दामच म्हटलं, "काका, शर्माजींना सांगा ना."

काका नको नको म्हणत हिंदीतून सांगू लागले. शुक्रवार झाला, मटण झालं, बटाटा झाला. "और खिचड़ी में मूंगफली का खूब सारा चूरा..." एवढं म्हणून ते थांबले. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिले.

"सच में साब? पोप?" शर्माजी हसले.

"अंदर पूछ..." काकांच्या तोंडून निघून गेलं. मला ते बघवेना.

"खोटं!" मी ओरडलो. "कूट नव्हता!"

शर्माजी दचकले. काकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. आपण आगाऊपणा केला, असं वाटून मी स्टुलावर आणखी आखडून बसलो.

"नव्हताच," काका हळूच म्हणाले. "सगळा बाजार पालथा घातला होता मी, दाणे मिळाले नाहीत. तिला ते जन्मभर लागून राहिलं. म्हणून सांगताना तरी मी घालतो."

मग ते उठले, माझ्याजवळ आले आणि दंडाला धरून त्यांनी मला स्टुलावरून उठवलं. उजव्या हाताची खुर्ची दाखवली.

"आपण इकडे."