चिखलाला घाई नसते

मोठमोठी राज्यं घाईमुळे बुडाली, हे इतिहासाने वेळोवेळी सिद्ध केलं आहे. निदान आमचे दाजी परब तसं सांगत, आणि दाजींनी इतिहास वाचलेला नव्हता. त्यांचा सगळा पुरावा त्यांच्या दाराबाहेर खुंटीला टांगलेला असे. तो एक दोर होता.

लालबागच्या आमच्या चाळीत दारोदारी गणपतीची तसबीर असायची. दाजींच्या दाराशेजारी मनगटाएवढा जाड, माझगावच्या गोदीतून आणलेला, जहाजाचा जुना दोर वेटोळं करून लटकत असे. चिखलात रुतलेल्या गाड्या ओढून काढायला तो ठेवलेला होता. गाडी कुणाची, हा प्रश्न गौण. दाजींची स्वतःची गाडी नव्हती. त्यांना सायकलही येत नव्हती. गिरणीत ते साच्यावर, म्हणजे मागावर, होते, आणि पाळी सुटली की कुठे काही रुतलंय का याची चौकशी करत करत घरी येत. कुठेच काही रुतलेलं नसलं की त्या दिवशी त्यांना जेवण जात नसे.

खंडेनवमीला गिरणीत जो तो आपापल्या साच्याची पूजा करी. दाजीही करत, पण उरकून टाकत. मग घरी येऊन दोराला हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ असा थाट. "साचो मालकाचो," ते म्हणत, "दोर माझो."

गाडी रुतल्याची बातमी आली तरी दाजी धावत नसत. खांद्यावर दोर टाकून, देवळात निघाल्यासारखे चालत जात. पोचल्यावर हात मागे बांधून गाडीला प्रदक्षिणा. मग आज्ञा सुटत. इंजिन बंद. सगळे खाली. चाकांपुढचा चिखल उपसा. चाकांतली थोडी हवा सोडा. खाली फळ्या नि गोणपाट घाला. दोर बांधायचा तो गाडीच्या पोटातल्या लोखंडी सांगाड्याला. पुढच्या दांडीला बांधला तर गाडी राहते आणि दांडी तेवढी हातात येते. दोराच्या मधोमध ओलं गोणपाट टाकायचं, म्हणजे तो तुटलाच तर उसळून कुणाच्या अंगावर न येता तिथेच पडतो. ओढायचं ते हळूहळू, हिसका न देता. आणि दोराच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही. "दोराच्या फुडे देव उभो रवलो, तरी तेका बाजूक घेवचो," हे त्यांचं ब्रीदवाक्य होतं.

हे सगळं बरोबरच होतं, असं जाणकार सांगतात. फक्त वेळ लागायचा. एकदा कोळशाची हातगाडी काढायला गेलेल्या दाजींच्या प्रदक्षिणा इतक्या लांबल्या की ऊन पडलं, जमीन आवळली आणि हातगाडीवाला आपला आपण गाडी ढकलत निघून गेला. दाजींनी ती आपल्या यशात धरली. "चिखलाक घाई नसता," ते मला म्हणाले. "मग आपणाक कित्याक व्हयी?"

या विद्येचा उगमही ते सांगत. संध्याकाळी गिरण्यांचा धूर खाली उतरून गॅलरीच्या कठड्याशी येऊन थांबायचा, समोरची चाळ पुसट व्हायची, आणि दाजींचा आवाजही तसाच लांबून यायचा. त्यांचं लग्न होऊन थोडे दिवस झाले होते. गावाहून मुंबईला नोकरीवर परतायचं म्हणून ते बैलगाडीने बंदराकडे निघाले होते, आणि नवी नवरी पोचवायला बरोबर आली होती. खाडीच्या कडेला गाडी रुतली. पलीकडे बोट उभी, तिचे दिवे पाण्यात हलतायत, आणि इकडे चाक सुटता सुटत नाही. शेवटी दिवे हलत हलत निघून गेले. "बघित रवलो," दाजी म्हणत.

पहिल्यांदा मी ही गोष्ट ऐकली तेव्हा चिखल गुडघ्यापर्यंत होता. पुढे तो कमरेपर्यंत आला. ज्या वर्षांत मुंबईसह महाराष्ट्र मिळावा म्हणून सगळं गिरणगाव रस्त्यावर होतं, त्या सुमारास तो बैलांच्या पोटाला लागला होता.

ती नवी नवरी, म्हणजे वहिनी, त्यानंतर मुंबईला कधी आलीच नाही. गावाकडे शेत होतं, अंथरुणाला खिळलेली सासू होती. दाजी गणपतीला आणि शिमग्याला जात, आणि उरलेलं वर्ष दोराबरोबर काढत. सासू वारल्यावर मात्र वहिनींनी गावच्या एका माणसाकरवी निरोप धाडला. दसरा झाला की येते. धक्क्यावर न्यायला या. धक्क्यावर दिसला नाहीत तर त्याच बोटीने परत जाईन.

"बोलता तशी करता," दाजी मला म्हणाले. त्यांच्या आवाजात भीती होती आणि थोडा अभिमानही होता. सामानाला हात लावायला त्यांनी मला बरोबर घ्यायचं ठरवलं. खोलीला चुना काढला. दोर मात्र खुंटीवरच राहिला.

बोट सकाळची होती. आम्ही उजाडताना निघालो. परतीचा पाऊस आदल्या दिवशी येऊन गेला होता आणि धुकं इतकं होतं की गिरण्यांच्या चिमण्या बुडखा नसल्यासारख्या हवेत लोंबत होत्या. चाळीमागच्या मैदानातून कर्ण्याचा आवाज येत होता. त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी आमच्या विभागाची प्रभातफेरी होती.

फेरीच्या अग्रभागी सजवलेला ट्रक होता आणि ट्रकवर अप्पासाहेब होते. अप्पासाहेब आमच्या विभागाचे वक्ते. दूधवाल्याशी बोलतानाही ते एका हाताने उपरणं सावरत. त्या सकाळी त्यांनी गर्जना केली, "आता एक पाऊलही मागे नाही." टाळ्या पडल्या. ड्रायव्हरने गाडी पुढे घेतली, आणि ट्रक मागच्या चाकांवर हळूच बसला, जेवण झालेल्या म्हशीसारखा.

दाजी थांबले.

"दाजी, बोट," मी म्हणालो.

"नुसतो बघतंय."

ड्रायव्हर इंजिन रेटत होता, चाकं जागच्या जागी फिरून खड्डा खोल करत होती. पोरांनी कुठूनशी सुंभाची दोरी आणून पुढच्या दांडीला बांधली होती आणि तिला अख्खी व्यायामशाळा लोंबकळत होती. तिचा म्होरक्या बाळा सावंत, आमच्याच मजल्यावरचा. तो ओरडला, "दाजी, तुम्ही निघा. वहिनी वाट बघत असतील. आम्ही उचलून काढतो."

"ती दोरी तुटात," दाजी हळूच म्हणाले. "पोरांचे डोळे जातले."

ते मैदानाकडे बघत होते आणि पाय धक्क्याच्या दिशेला होते. मग म्हणाले, "माझो दोर आणतास?"

मी आणला. झेंडूची माळ अजून त्यावर होती. तोवर दाजींनी सुंभ सोडवून पोरांना बाजूला हाकललं होतं, आणि रस्त्याने चाललेली बर्फाची लॉरी अडवली होती. लॉरीवाला रहीम कपाळाला हात लावून बसला. "अरे दाजी, बरफ पानी हो रहा है."

"थोडा सबर. तेरा बोरा देव," दाजी म्हणाले आणि बर्फावरची ओली गोणपाटं काढून घेतली.

आता खरा पेच उभा राहिला. लॉरी रस्त्यावर, म्हणजे ट्रकच्या मागे. दाजींनी निदान सांगितलं: ट्रक आला त्याच चाकोरीने मागे काढायचा.

"मागे?" अप्पासाहेब वरून म्हणाले. "अहो, मी आत्ताच काय बोललो?"

"ता मी आयकलंय."

"कर्ण्यावरून बोललो मी."

"फुडे चिखल आसा, अप्पासाहेब."

"असेल. लोकांसमोर मागे जायचं नाही."

पाठीमागची मंडळीही "नाही, नाही" म्हणाली. चिखलात उभं राहून तत्त्वावर एकमत झालं. तेवढ्यात माझगावच्या बाजूने, धुक्यातून, एक लांबट भोंगा आला. गिरणीचा नव्हता. गिरणीचा भोंगा माणसाला हाकलतो. हा कुणाला तरी बोलावत होता. बोट धक्क्याला लागत होती.

दाजींच्या हातात ओलं गोणपाट होतं. ते तसंच धरून त्यांनी भोंग्याच्या दिशेला बघितलं. मग त्यांनी ते दोरावर नीट पसरलं, कडा सारख्या केल्या, आणि अप्पासाहेबांना म्हणाले, "झेंडो काढा नि मागच्या अंगाक बांधा. कर्णोव थयच. माणसांका थयच बाजूक उभी करा. मगे तीच फुडची बाजू."

अप्पासाहेबांनी विचार केला. आयुष्यात त्यांनी विचार केलेला मी तेवढाच पाहिला. "हे तात्त्विकदृष्ट्या योग्य आहे," ते म्हणाले.

झेंडा फिरला, कर्णा फिरला. वजन कमी करायचं म्हणून अप्पासाहेबांना धोतर आवरून खाली उतरावं लागलं, आणि उतरल्यावर ते नेमके दोराच्या रेषेत उभे राहिले. दाजींनी त्यांना दंडाला धरून बाजूला नेलं. आमच्या विभागात अप्पासाहेबांना बाजूला काढण्याचं धैर्य त्यापूर्वी कुणी दाखवलं नव्हतं.

"हळू, रहीम. हिसका नको."

दोर ताणला. त्यातून पाणी ठिबकलं, झेंडूच्या दोनचार पाकळ्या गळल्या. ट्रकने चिखलाचा एक मोठा सुस्कारा सोडला आणि शेपटीकडून, झेंडा पुढे करून, धुक्यातून वर आला. "झालाच पाहिजे," मैदान गरजलं. झेंडा पुन्हा सोडायची कुणाची तयारी नसल्यामुळे ती फेरी पार नाक्यापर्यंत उलट्या ट्रकनेच गेली. अप्पासाहेब आभाराचं भाषण करणार होते, पण दाजी तोवर दोर गुंडाळून रहीमच्या लॉरीत चढले होते. बर्फ धक्क्यावरच जाणार होता, मासळीसाठी.

आम्ही लाद्यांवर बसून गेलो. बर्फातून वाफ निघत होती, वरून धुकं उतरत होतं. रस्ता, ट्रामचे रूळ, माझगावची जुनी चर्चं यांतलं काहीही जमिनीला टेकलेलं दिसत नव्हतं. दाजी दोर मांडीवर घेऊन बसले होते. वाटेत ते एकदाच बोलले.

"निघान गेली असात?"

"बोट एवढ्यात सुटत नाही, दाजी," मी म्हणालो. मला बोटींचं काहीही कळत नव्हतं.

धक्का रिकामा झाला होता. हमाल निघून गेले होते, बोटीवर खलाशी डेक धूत होते. एका पत्र्याच्या ट्रंकेवर, शेजारी तांदळाचं बोचकं आणि दोन नारळ ठेवून, वहिनी बोटीकडे तोंड करून बसल्या होत्या. आमची चाहूल लागल्यावर त्या वळल्या. त्यांनी दाजींच्या तोंडाकडे बघितलं नाही. पायांकडे बघितलं. गुडघ्यापर्यंत चिखल होता.

"परत रुतली?" त्या म्हणाल्या.

"ट्रक होतो."

"निघालो?"

"निघालो."

"मग चला."

व्हिक्टोरियात दाजी पुढे गाडीवानाशेजारी बसले, दोर मांडीवर. मागे ट्रंक, बोचकं, वहिनी आणि मी. धुकं विरळ होत होतं. घोड्याच्या टापांनी डोळे मिटायला लागले होते, पण एक गोष्ट विचारल्यावाचून मला राहवेना.

"वहिनी, त्या वेळी बंदराच्या वाटेवर गाडी फारच रुतली होती म्हणे. बैलांच्या पोटापर्यंत चिखल."

पुढे दाजींची पाठ ताठ झाली. ते समोर घोड्याच्या कानांकडे बघू लागले. वहिनींनी पदर सारखा केला आणि त्या पाठीकडे जरा वेळ बघितलं.

"दुसरी बोट येयपर्यंत हे घराकच होते," त्या म्हणाल्या. "मगे हयसर गिरणीत खाडो पडलो म्हणान शिव्यो खाल्ल्यानी."

"आणि चिखल?"

"चिखल घोट्याइतको होतो, भावजी."