जर्दाळूचं पथ्य

ऑफिसात हेडक्लार्कसाहेबांना पाठीमागे सगळे 'परिपत्रक' म्हणत, कारण सूचना दिल्याशिवाय ते कुणाला चहासुद्धा पिऊ देत नसत. (हे नाव त्यांना ठाऊक होतं आणि थोडं आवडतही होतं.)

त्या हिवाळ्यात बायकोचा दमा वाढला. जिना चढताना ती प्रत्येक वळणावर कठडा धरून उभी राही. मागे पिशव्या घेऊन थांबलेल्या साहेबांना ते बघवत नसे. दम्याचा आहाराशी संबंध असतो, असं त्यांनी कुठेतरी वाचलं आणि घरात दूध बंद झालं. मग अंडी, दही, केळी, गहू. तिला नेमकं कशाचं वावडं आहे हे माहीत नसल्यामुळे त्यांनी सरसकट बंदी घातली. डॉक्टरांना विचारू या, असं ती एकदा म्हणाली. डॉक्टर औषधापुरते, पोट आपलं, असं उत्तर मिळालं.

घरावर अवकळा आली. ती ताटातल्या उकडलेल्या भोपळ्याकडे बघत बसे आणि पाणी पिऊन उठे. अंगठी बोटात राहीना. साहेब मनातून घाबरले. पण काढलेला हुकूम मागे घ्यायची त्यांना सवय नव्हती. तिच्या अंगात थोडी ताकद यावी म्हणून त्यांनी बाजारातून छान केशरी, चकचकीत सुके जर्दाळू आणले. बऱ्याच दिवसांनी ती हसली आणि तिने वाटीभर खाल्ले.

थोड्याच वेळात तिची छाती भात्यासारखी वाजू लागली. दम्याच्या पंपानेही धाप कमी होईना. टॅक्सीत साहेब तिचा गार हात धरून बसले होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना एकही सूचना सुचत नव्हती.

हॉस्पिटलात मास्क लावला, इंजेक्शन दिलं, तेव्हा कुठे तिचा जीव थाऱ्यावर आला. काय खाल्लं होतं, असं डॉक्टरीणबाईंनी विचारताच साहेबांनी काय काय बंद केलं ते सांगायला सुरुवात केली.

"बंद केलेलं राहू द्या," त्या शांतपणे म्हणाल्या. "दिलं काय, ते सांगा."

साहेबांनी जर्दाळूचं नाव घेतलं. तो सुंदर रंग टिकवायला गंधकाचं औषध वापरतात आणि काही दमेकऱ्यांना नेमकं तेच सोसत नाही, असं बाईंनी समजावलं. दूध, अंडी, गहू यांचा हिला कधी त्रास झाला होता का? कधीच नाही. मग ते सगळं सुरू करा, त्या म्हणाल्या. उपाशी माणूस दम्याशी झगडणार कसा?

साहेब स्टुलावर मान खाली घालून बसले. त्यांनी बायकोला हळूच विचारलं, "मी आता काय करू?"

तिने मास्क जरासा बाजूला केला. "तुम्ही ऑफिसला जा."

"अगं, आज रविवार आहे."

"असू दे. जा."