लाँड्रीतलं इंग्रजी

लाँड्रीत शिरताना ऑरेल नेहमीसारखा 'बोंझूर' म्हणाला असता, तर पुढचं रामायण टळलं असतं. माँट्रियलमध्ये आधी फ्रेंचमध्ये बोंझूर म्हणायचं आणि समोरचा गांगरला तर इंग्रजीवर यायचं, ही रीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण बाकावरच्या बाईंजवळ इंग्रजी वर्तमानपत्र दिसलं आणि सौजन्याच्या भरात ऑरेलने थेट "हॅलो" ठोकलं. बाईही गोड हसून "हॅलो" म्हणाल्या. झालं!

तेव्हापासून दर शनिवारी नाणी टाकून चालणाऱ्या यंत्रांत आपापले कपडे गरगरत आणि ही दोघं बाकावर बसून थंडीवर बोलत.

"व्हेरी कोल्ड."

"येस. व्हेरी."

ऑरेलचं इंग्रजी तिथेच संपे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. तळ्याकाठचं आपलं गाव, ब्लूबेरी तोडून निळी झालेली बोटं, सगळं त्याला या बाईंना सांगायचं होतं. आठवडाभर तुमचीच वाट बघतो, हेही. ओठांवर आलेलं सगळं गिळून तो घरी येई आणि एकटाच खिडकीशी बसून राही. मग बुधवारीही जाऊ लागला. धुतलेलेच कपडे धुऊन शर्टांचे रंग उडाले.

"अरे, सरळ फ्रेंचमध्ये बोल ना!" बहीण फोनवर कावली.

"आणि तिला येत नसलं तर? बिचारी ओशाळेल."

"मग बस जन्मभर मोजे धूत!"

शेवटी पठ्ठ्या इंग्रजीच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घालायला गेला. रांगेत पुढे एक बाई कारकुनाशी फ्रेंच बोलत होत्या, तेही थेट ऑरेलच्या गावाकडच्या हेलात.

"रोलांद ग्रावेल. लिहिलंत?"

"लिहिलं. या वयात इंग्रजी कशाला हो, मादाम?"

"लाँड्रीत एक इंग्रज गृहस्थ येतात. माणूस भला आहे, पण थंडीच्या पुढे गाडी सरकत नाही. मला तरी कुठे येतंय!"

बाई वळल्या आणि दोघांचेही चेहरे बघण्यासारखे झाले.

"अहो, मग ते इंग्रजी वर्तमानपत्र?" ऑरेलने फ्रेंचमध्ये विचारलं.

"ओल्या बुटांखाली घालायला! फुकट वाटतात ते."

दोघं पोट धरधरून हसली. मग हसू ओसरलं. आता भाषेची अडचण उरली नव्हती, आणि नेमकी त्यामुळेच ऑरेलची बोबडी वळली.

"तुम्ही कशासाठी शिकणार होतात इंग्रजी?" रोलांदबाईंनी विचारलं.

ऑरेल टोपी चुरगाळत राहिला. "लाँड्रीत एक बाई येतात. त्यांना काही सांगायचंय. पण धीर होत नाही."

"मग मला सांगा," रोलांदबाई हळूच म्हणाल्या, "मी घालते त्यांच्या कानावर."