चोवीसाचे राज्यात बारांचा दिवा

ज्याचे सत्तेने चाक फिरते आणि ज्याचे सत्तेने उभे राहते, त्यास नमन असो. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सर, माघ वद्य अमावास्या, ते दिवसापासोन पुढील वर्तमान लिहिले आहे.

कोणे एके मुलखी दहा चाकांचे एक राज्य होते. लोक त्यास ट्रक म्हणत. राज्याचे धनी केरबाजी बाबा. राज्याचे बळ चोवीस व्होल्टांचे, आणि ते बळ दोघा बॅटरीबंधूंचे, प्रत्येकी बारा. थोरल्यावर पांढऱ्या रंगाची एक रेघ, धाकट्यावर दोन रेघा. एक डावे अंगास, दुसरा उजवे अंगास, आणि दोघे एकामागे एक जोडिले तेव्हां चोवीस होत. परंतु कॅबिनीत देवापुढील दिवा आणि चिमुकला पंखा हे दोघे बारांचेच मानकरी. चोवीस अंगावर आले तर क्षणात जळोन जातील. मग बाबांनी काय केले, तर डावीकडील एकट्या बंधूस तार लावोन दिव्यापंख्याचा खर्च त्याजवर घातला. आणि त्यातून ऐसे होऊ लागले की डावा रोज खंगे, आणि इंजिन चालता भरणा दोघांस सारखाच येई, सबब उजवा फाजील भरोन त्याचे तेजाब उकळे. त्याजवर बाबांचा उपाय ऐसा की दर पौर्णिमेस व अमावास्येस भर दोनप्रहरी दोघांच्या जागा बदलाव्या. मणभर ओझे उरी धरोन ट्रकाचे तोंडावरून नऊ पावले चालावे, खाली टेकू नये. मुनीरभाई वायरमन राज्याचे जुने स्नेही, ते हासोन म्हणत, "बाबा, गाडा दोन बैलांचा आणि चाबूक एकालाच? कन्व्हर्टर बसवा, चोवीसाचे बारा करून देतो, दोघांकडून सारखं घेईल." बाबा म्हणत, "तुझी डबी तापते. माझा कन्व्हर्टर मनगटात आहे."

त्याच माघी अमावास्येस बाबा धाकट्यास घेऊन निघाले आणि पाचवे पावलावर बसले. कन्या शालनबाई पाणी घेऊन शेडेत गेल्या तो बाबा चाकास टेकून, धाकटा मांडीवर, दोन्ही हात त्याजभोवती. वैद्यास बोलाविले. उपयोग जाहला नाही.

मग धाकट्यास उजवे अंगास परत बसवोन राज्य शेडेत उभे राहिले. दिवा विझू नये ऐसी बाबांची ताकीद होती, सबब शालनबाईंनी तार सोडिली नाही, आणि दर शनिवारी इंजिन घटकाभर चालू करीत. शेडेचे कुलूप एक, किल्ली एक, ती त्यांचे कमरेस. फाल्गुनी पौर्णिमेस गावात होळीची लाकडे रचीत होते. तिसरे प्रहरी शालनबाईंनी कुलूप काढिले तो दिवा लख्ख, आणि डावीकडे दोन रेघा. सकाळी एक होती. तारांचे जोडावर वंगण ताजे. धुळीत पाऊल नाही. नऊ पावलांचे वाटेत मात्र एके ठिकाणी चौकोनी ठसा, बॅटरीचे बुडाएवढा.

कोणास बोलिल्या नाहीत. पंधरा दिवस गेले. अमावास्येस सकाळी शेड स्वतः झाडोन कुलूप घातले आणि दाराबाहेर पायरीवर बसल्या. ऊन माथ्यावर आले. आत पत्रा तडतडला, मग काही जड टेकल्याचा आवाज आला. मग काही वेळ काहीच नाही. मग पुन्हा तोच आवाज. ऐसे पाच वेळ. आवाज थांबोन घटका गेली तेव्हां कुलूप काढिले, तो जागा बदललेल्या आणि धुळीत पाच ठसे.

मग मुनीरभाईंस बोलाविले. त्यांनी जोड पाहिले, वंगणावर उमटलेली बारीक रेषा पाहिली, आणि टोपी काढिली. म्हणाले, "ब्रश जवळ असताना करंगळीनं वंगण लावणारा मला एकच माणूस माहीत आहे."

"मागच्या वेळी एकदाच टेकले होते, भाई. आज पाच वेळा."

मुनीरभाई उकिडवे बसोन एकेक ठसा पाहत राहिले. "मी डबी आणली आहे. आताच्या तापत नाहीत. ती लागली की जागा बदलायचं काम उरत नाही."

"काम उरलं नाही तर ते येतील का?"

"ते मला कसं सांगता येईल, ताई? मी वायरमन."

"आणि नाही लावली तर?"

"तर पौर्णिमेला पुन्हा उचलावं लागेल. कुणाला तरी."

शालनबाई दाराशी गेल्या. पाठ शेडेकडे. मग माघारी न वळता बोलिल्या, "लावा."

मग मुनीरभाईंनी डाव्याची एकट्याची तार तोडिली, आणि दोघा बंधूंचे चोवीस डबीत घेऊन, मधे फ्यूज देऊन, पलीकडे बारा काढिले. दिवा क्षणभर विझला, पुन्हा लागला. पंखा फिरला. आणि जाताना मुनीरभाईंनी ठशांवरून पाय न पडेल ऐसा वळसा घेतला.

नवे शक लागले. चैत्री पौर्णिमेस शालनबाई सकाळपासोन पायरीवर. दोनप्रहर जाहले, पत्रा तडतडला, जड काही टेकले नाही. दिवस कलता कुलूप काढिले. डावीकडे एक रेघ, उजवीकडे दोन. धूळ सारखी. मुनीरभाईंनी मीटर लाविला, तो दोघांचे माप एकच.

तात्पर्य, चोवीसाचे राज्यात बारांचा बंदोबस्त ऐसा जाहला, आणि धन्याची चाकरी कन्येने सोडविली. चाकरी सुटल्यावर धनी कोठे गेले, हे लिहिणारास ठाऊक नाही.