जप्त म्हशीची धार

जप्त केलेल्या मालाइतकी माया सरकार दुसऱ्या कशावरच करत नाही, हे विरोधकांनाही मान्य करावं लागेल.

रझाकारांच्या धामधुमीत द्वारकाबाई आपली म्हैस घेऊन गोदावरीपलीकडं माहेरी गेली. जाताना कुणी अडवलं नाही (पळणाऱ्यावर जकात नव्हती). पुढं पोलिस ॲक्शन झाली, मुलूख एक झाला, बाई हरखून परत निघाली आणि गावच्याच घाटावर नाकेदार नानासाहेबांनी म्हैस धरली. मुलूख एक झाला होता खरा, पण नाका उठवायचा हुकूम आला नव्हता. सबब म्हैस परमुलखातला माल ठरली.

कडेवर आईविना तान्हा नातू. या म्हशीच्या दुधावरच तो वाढत होता.

म्हैस मात्र लई हेकट. दुसऱ्या हाताला धारच देईना. शिपायानं लाथ खाल्ली, मग हवालदारानं (हुद्द्याप्रमाणं जोरात). शेवटी खात्यानं मोठ्या मनानं द्वारकाबाईलाच सकाळ-संध्याकाळ धार काढायची परवानगी दिली. येताना वैरण आणावी, सरकारी मालाची आबाळ नको. त्या दुधाचा चहा नाक्यावर उकळायचा, आणि खातं कंजूष नव्हतं, येणाऱ्या-जाणाऱ्या गावकऱ्यालाही कप मिळायचा.

"नातवापुरतं तांब्याभर द्या की, सायब," बाईनं हात जोडले.

"सरकारी दूध हाय, बाई," नानासाहेब कळवळून म्हणाले आणि बशी तोंडाला लावली.

औरंगपुऱ्यातल्या इलियास वकिलांनी बाईच्या वतीनं अर्ज केला. वरचे साहेब जातीनं नाक्यावर आले, चहा घेत घेत चौकशी केली आणि निकाल दिला: "अर्जदार म्हशीस रोज भेटते, वैरण घालते, धार काढते. म्हणजे म्हैस तिच्याच ताब्यात आहे. जे ताब्यात आहे ते परत कसे करावे? अर्ज नामंजूर."

"बात तो कायदे की है, बाई," वकिलांनी कपाळाला हात लावला.

"व्हय? मंग मी धारेला जायचीच नाय!"

ती घरी बसली. म्हैस रेकायची ते घरात ऐकू यायचं. बाई पदर तोंडात कोंबून रडायची, पण उठली नाही. शेजारच्या सगीराबीच्या शेळीवर नातू कसाबसा तगला. तिकडं म्हैस आटली, आणि खात्यानं ताबडतोब कळवलं की तपास पूर्ण झाला असून माल घेऊन जावा.

मधल्या काळात गावानं एकजुटीनं एक अर्ज केला होता. म्हैस सोडा म्हणून नव्हे. द्वारकाबाई धारेला येत नाही, चहा बंद पडलाय, तिला समज द्यावी, म्हणून. सह्या-अंगठ्यांना कागद पुरला नाही.

आपण तिथं असतो तर सही केली नसती, असं तुम्हाला वाटणारच. पहिला कप घेईपर्यंत सगळ्या गावाला तसंच वाटत होतं.